शिबिर संपल्यावर गावात परत कोण जातं?

सकाळचे सहा वाजलेत, जानेवारीची थंडी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं एक गाव. झेडपी शाळेच्या मागे कपाशीच्या पऱ्हाट्या पेटल्यात, त्यात हिरवी वांगी टाकलीत आणि तीन बाया डोळ्यातला धूर पदराने पुसत पुसत साली काढतायत. आत वर्गात एनएसएसची, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची, पन्नास पोरं अजून गोधडीत. आज सातवा दिवस, समारोप, म्हणजे भरीत आणि कळण्याच्या भाकरी पक्क्या.

दुपारी बॅनर लागेल, पाहुणे येतील, लेटच येतील म्हणा, त्यांना शाल, श्रीफळ, बुके. आणि ह्या तिघी पार मागे, शाळेच्या भिंतीला टेकून टाळ्या वाजवणार. ज्या जिभाऊंनी सात दिवस स्वतःच्या बोअरचं पाणी दिलं ते तर तिकडे शेतातच असतील, त्यांना कोणी बोलावलेलंच नाही.

एनएसएस सुरू झाली 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. पोरं दोन वर्षांत 240 तास काम करतात, एक शिबिर करतात, त्याचं सर्टिफिकेट मिळतं. गावाला काय मिळतं? एक बंधारा, तोही वनराई, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून नाल्यात रचलेला. पहिल्या मोठ्या पुरात गेला की गेला. त्यात वाईट काही नाही, तो टेम्पररीच असतो. पण पुढच्या वर्षी गोण्या भरायला कॉलेज परत आलं तर ते खरे आभार, नाहीतर आपण फक्त फोटो काढायला आलो होतो, सरळ आहे.

सर्व्हेचंही तेच. पोरं घरोघरी फिरतात, शौचालय आहे का, पाणी कुठून आणता, फॉर्म भरतात आणि तो गठ्ठा डिपार्टमेंटच्या कपाटात. अरे तेच आकडे 1 मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवा ना, गावाचीच माहिती आहे ती. फोटोंच्या प्रिंटा काढून द्या, मोबाईलवर पाठवले म्हणू नका, म्हाताऱ्या माणसाला भिंतीवर लावायला फोटो लागतो.

आणि बोलवायचंच असेल तर शिकवायला बोलवा. ह्याच तालुक्यातल्या बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना जंगल राखण्याच्या कामासाठी 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, एवढा मान मिळाल्यावर सत्कार करायला कोणीही पुढे येतं हो. पण रानभाज्या ओळखणारी एखादी आजी बॉटनीच्या वर्गात उभी राहिली, तिला यायला-जायला गाडी पाठवली आणि बाहेरच्या लेक्चररला देतात तेवढंच मानधन तिच्या हातात दिलं, असं किती ठिकाणी होतं? आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला नाव कवयित्री बहिणाबाई चौधरींचं आहे, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तिथे तरी हे अवघड वाटू नये.

संध्याकाळी बस सुरू झाली. भांडी घासता घासता त्या तिघींपैकी एकीने विचारलं, "आते कव्हय येशात?"

पोरं हसली, येऊ येऊ म्हणाली. सरांनी मात्र खिशातून डायरी काढली, दिवाळीच्या आधीचं पान उघडलं आणि लिहिलं, गोण्या दोनशे, आणि खाली जिभाऊंचा मोबाईल नंबर.