एका गुन्ह्याच्या दोन कबुल्या

[पडद्यावर: माहीम स्थानक, संध्याकाळची गर्दी. विरारकडे जाणारी लोकल फलाटात शिरते.]

११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी सहा चोवीसच्या सुमारास पश्चिम रेल्वेवर पहिला स्फोट झाला आणि पुढच्या अकरा मिनिटांत आणखी सहा. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. सातही बॉम्ब चर्चगेटहून सुटलेल्या गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत ठेवलेले होते. १८० हून अधिक माणसं गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. एक तरुण प्रवासी नऊ वर्षं कोमात होता. तो गेला जुलै २०१५ मध्ये, खटल्याचा निकाल लागायला दोन महिने उरले असताना.

हे बॉम्ब कुणी ठेवले? या प्रश्नाला पोलिसांच्या दफ्तरात दोन उत्तरं आहेत. दोन्ही उत्तरांखाली आरोपीची सही आहे.

पहिलं उत्तर २००६ चं. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं, एटीएसनं, तेरा जणांना पकडलं. एटीएसची हकिगत अशी: पाकिस्तानातून काही माणसं आली, गोवंडीतल्या एका घरात बॉम्ब तयार झाले, इथला एक आणि तिथला एक अशा जोड्या पडल्या, टॅक्सीनं चर्चगेट गाठलं आणि बॅगा डब्यात ठेवल्या. तेरापैकी अकरा जणांनी हे कबूल केल्याचं एटीएसचं म्हणणं. खटल्याचा बराचसा डोलारा या अकरा कबुलीजबाबांवर उभा होता.

दुसरं उत्तर २००८ चं. मुंबई पोलिसांच्याच क्राइम ब्रँचनं इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेची म्हणून काही मुलं पकडली. त्यातल्या एकाच्या कबुलीजबाबात लोकलमधले स्फोटही आमच्याच गटानं केले, असं लिहिलेलं होतं. नावं वेगळी, माणसं वेगळी. एटीएसनं दोन वर्षांपूर्वी पकडलेल्या तेरा जणांपैकी त्यात कुणी नाही.

शहर तेच, कबुली नोंदवायचा कायदा तोच, कलमही तेच. दोन्ही कबुल्या खऱ्या असणं शक्य नाही. दोन्ही खोट्या असणं मात्र अगदी शक्य आहे. पुढं बचाव पक्षानं त्या २००८ च्या आरोपीला साक्षीला बोलावलं, तेव्हा त्यानंही हात वर केले. एटीएसच्या आरोपींनी तर आपल्या कबुल्या नोव्हेंबर २००६ मध्येच, पोलीस कोठडीतून बाहेर पडल्या पडल्या, मागे घेतल्या होत्या.

[पडद्यावर: जुनी कायद्याची पुस्तकं, कोर्टाच्या आवारातले टायपिस्ट.]

इथं थोडं मागं जाऊ. पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्याकडे पुरावा म्हणून चालत नाही, हे कोर्टाची पायरी चढलेल्या बहुतेकांना ठाऊक असतं. पण हा नियम आला कुठून? १८५४ मध्ये कंपनी सरकारच्या मद्रास इलाख्यात छळाची चौकशी करायला एक आयोग बसला. शेतसारा वसूल करायला आणि चोरीची कबुली काढायला सरकारी नोकर माणसांना काय काय करतात, ते त्याच्या १८५५ च्या अहवालात आलं. माणसाला दोरीनं वाकवून बांधून ठेवायचं, बोटं लाकडी शिकंजात दाबायची. इंग्रजांना एकाएकी दयेचा पाझर फुटला होता असं नव्हे. सारा त्यांच्याच तिजोरीत जात होता. पण आपल्याच पोलिसानं आणलेली कबुली विश्वासाच्या लायकीची नाही, एवढं त्यांना कळून चुकलं. म्हणून आधी १८६१ च्या फौजदारी संहितेत आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये लिहिलं गेलं की पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. स्वतंत्र भारतानं ते कलम ठेवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे, फक्त त्याचा क्रमांक आता २३ झाला.

पळवाट तेव्हापासूनच होती. कबुलीच्या ओघात एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग पुराव्यात येतो. त्यामुळं आपल्याकडच्या पंचनाम्यांत आरोपी कायम ‘स्वखुशीने’ निवेदन करतो आणि पंचांच्या पुढं पुढं चालत जाऊन चाकू काढून देतो. असे पंचनामे कोर्टात रोज वाचले जातात. वाचणारेही हसत नाहीत, ऐकणारेही.

तरी दार निम्मं तरी बंद होतं. ते उघडलं १९८७ च्या टाडानं, म्हणजे केंद्राच्या दहशतवादविरोधी कायद्यानं. टाडा १९९५ मध्ये संपला, आणि चारच वर्षांनी महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा केला. मोक्का, महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९. नव्वदीतली मुंबई आठवणाऱ्यांना त्यामागचं कारण सांगायला नको. खंडणीचे फोन, भरदिवसा गोळीबार, आणि टोळ्यांच्या धाकानं तोंड न उघडणारे साक्षीदार. साक्षीदार मिळत नाहीत, तर आरोपीलाच साक्षीदार करू, असा तो विचार. कलम १८ म्हणतं की पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेली कबुली पुराव्यात चालेल, आणि ती त्या आरोपीबरोबर सहआरोपींविरुद्धही चालेल. मुंबईत हे काम पोलीस उपायुक्त करतात.

सोबत अटीही आहेत. कबुली द्यायची सक्ती नाही हे समजावून सांगायचं, ती स्वेच्छेनं आहे याची खात्री करायची, मग आरोपीला विनाविलंब मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यायचं, त्यानं मारहाणीची तक्रार केली तर वैद्यकीय तपासणी करायची. कागदावर चोख व्यवस्था. पण त्याच कायद्यानं पोलीस कोठडी पंधरा दिवसांऐवजी तीस दिवसांपर्यंत नेली आणि आरोपपत्राला नव्वद दिवसांऐवजी १८० दिवस देता येतील अशी सोय केली. महिनाभर ज्यांच्या ताब्यात राहायचं, त्यांच्याच वरच्या साहेबासमोर बसून ‘माझ्यावर दबाव नाही’ म्हणायचं. मग दंडाधिकाऱ्यासमोर पाच मिनिटं उभं राहायचं. त्या पाच मिनिटांत किती माणसं तोंड उघडतील?

[पडद्यावर: मुंबई उच्च न्यायालयाची इमारत, बाहेरून.]

लोकल स्फोटांच्या खटल्यात मोक्का लागला सप्टेंबर २००६ च्या शेवटी. त्याआधी काही आरोपी दोन दोन महिने कोठडीत होते आणि कुणीही कबुली दिलेली नव्हती. मोक्का लागला आणि ऑक्टोबरात अकरा जण बोलते झाले. उच्च न्यायालयाला हा योगायोग पचला नाही.

पण त्यासाठी १९ वर्षं जावी लागली. विशेष न्यायालयात सरकारी बाजूनं १९२ साक्षीदार तपासले. मधली दोन वर्षं सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळं खटलाच थांबला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये निकाल लागला. बारा जण दोषी, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. छळाची तक्रार विशेष न्यायालयानं फेटाळली आणि कबुल्या ग्राह्य धरल्या. एकटे सुटले ते वाहिद शेख, पेशानं शाळामास्तर. त्यांच्या नावावर कबुलीजबाब नव्हता. तुरुंगातली नऊ वर्षं मात्र त्यांनाही चुकली नाहीत.

अपिलं २०१५ पासून उच्च न्यायालयात पडून होती. जुलै २०२४ मध्ये न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खास खंडपीठापुढं सुनावणी सुरू झाली आणि २१ जुलै २०२५ ला ६७१ पानांचा निकाल आला. बाराही जण निर्दोष.

या निकालातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग अगदी साधा आहे. न्यायाधीशांनी कबुलीजबाब शेजारी शेजारी ठेवून वाचले. वेगवेगळ्या उपायुक्तांनी, वेगवेगळ्या आरोपींचे नोंदवलेले. विचारलेले प्रश्न सारखे, उत्तरं सारखी, काही ठिकाणी शब्दन् शब्द आणि क्रमसुद्धा सारखा. दोन माणसं एकाच लग्नाचं वर्णन करायला लागली तरी एकाला जेवण आठवतं आणि दुसऱ्याला भांडण. इथं मात्र माणसं बदलली तरी परिच्छेद बदलत नव्हते. एकाचा कागद पुढं ठेवून दुसऱ्याचा उतरवला की असं होतं.

आणि मग दवाखान्याचे कागद. केईएम आणि भाभा रुग्णालयांतल्या वैद्यकीय नोंदी छळाची शक्यता दाखवतात, असं न्यायालयानं म्हटलं. आरोपींनी सांगितलेले प्रकार निकालपत्रात आले आहेत. पट्ट्यानं मारणं, विजेचे झटके, दोन्ही पाय विरुद्ध दिशांना ताणून फाकवणं, रात्र रात्र झोपू न देणं. झोप न देण्याचा वळ अंगावर उठत नाही, म्हणून ते करणाऱ्यालाही सोयीचं. तीन-चार रात्रींनंतर माणूस कशावरही सही करतो. ज्याला यात शंका वाटते त्यानं घरी आरामात बसून सलग दोन रात्री जागून पाहावं.

बाकीच्या पुराव्याची गत काय? टॅक्सीवाल्यांनी आरोपींना ओळखलं, पण शंभराहून अधिक दिवस ते गप्प होते आणि इतक्या दिवसांनी चेहरा का आठवावा, याचं कारण त्यांच्याकडं नव्हतं. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घ्यायचा अधिकारच नव्हता. जप्त केलेल्या स्फोटकांची मोहोरबंदी सदोष होती. बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेही सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. सात स्फोटांच्या खटल्यात, १९ वर्षांनंतर!

मला हे दुबळेपण आणि त्या कबुल्या वेगळ्या वाटत नाहीत. कबुली हातात आली की बाकीचं काम कुणाला करायचं असतं? फोनच्या नोंदी धुंडाळा, स्फोटकांचा माग काढा, मिनिटामिनिटाचा हिशेब लावा, हे सगळं वेळखाऊ. वरून रोज विचारणा, वर्तमानपत्रांत रोज मथळे. या खटल्यात तर आरोपींच्या फोनच्या नोंदी बचाव पक्षानंच मागितल्या. कोण कुठं होतं ते त्यातून कळेल, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांना उच्च न्यायालयापर्यंत झगडावं लागलं. पोलिसांकडच्या नोंदी तोवर नष्ट झालेल्या होत्या.

आणि आपण, बातम्या वाचणारे? ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत अजूनही छापून येतं, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे. चहा पिता पिता आपण ते वाचतो आणि बरं झालं म्हणतो. पाकीटमाराच्या बातमीत हे वाक्य ज्याला खटकत नाही, त्याला बॉम्बस्फोटाच्या खटल्यात ते एकदम का खटकावं?

[पडद्यावर: मालेगाव, मुशावरत चौकाकडं जाणारा रस्ता.]

हे एकाच प्रकरणात घडलं असतं तर कुणी अपवाद म्हणून सोडूनही दिलं असतं. लोकलमधल्या स्फोटांनंतर दोनच महिन्यांनी, ८ सप्टेंबर २००६ ला, मालेगावात बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. शब-ए-बारातचा दिवस, वर शुक्रवार. तिथंही एटीएसनं नऊ मुस्लीम तरुण धरले, तिथंही मोक्का लागला, तिथंही कबुल्या आल्या. त्यातल्या दोघांना एटीएसनं लोकल स्फोटांतही गोवलं होतं. पुढं तपास एनआयएकडं, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडं गेला, संशयाचा काटा भलतीकडंच वळला, आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं या तरुणांना आरोपमुक्त केलं. तोवर त्यातला एक जण मरून गेला होता.

[पडद्यावर: तुरुंगाची भिंत. शेजारी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा रिकामा पडदा.]

२१ जुलै २०२५ ला निकाल ऐकवला गेला तेव्हा आरोपी कोर्टात नव्हते. येरवडा, नाशिक, अमरावती, नागपूर इथल्या कारागृहांतून पडद्यावर दिसत होते. फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एक जण त्या पडद्यावरही नव्हता. २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडनं तो गेला. निर्दोष ठरला तो मेल्यानंतर चार वर्षांनी.

ज्यांचं माणूस त्या डब्यात गेलं, त्यांच्या हाती काय आलं, हे विचारायला फारसं कुणी धजावत नाही. आधी त्यांना सांगितलं गेलं की गुन्हेगार सापडले. आता सांगितलं जातंय की ते नव्हते. दरम्यान माग काढायचे दिवस निघून गेले. खरा गुन्हेगार न पकडता गुन्हा उलगडल्याचा देखावा केला तर लोकांचा विश्वास तर जातोच, पण धोकाही मोकळाच राहतो, अशा आशयाची नोंद न्यायाधीशांनी केली आहे. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, त्याला मान्यता अजून दिलेली नाही. छळ रोखण्याचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि नंतर बारगळलं.

निकालानंतर राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला तिथं सुनावणी झाली. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवा, असा सरकारचा आग्रह नव्हता. काळजी वेगळी होती. उच्च न्यायालयानं मोक्काखालच्या कबुल्यांबद्दल जे म्हटलंय, त्याचा इतर चालू खटल्यांवर परिणाम होईल. सर्वोच्च न्यायालयानं ते ऐकलं. सुटलेल्यांना बाहेरच राहू दिलं आणि अपिलाचा फैसला होईपर्यंत हा निकाल दुसऱ्या कुठल्या खटल्यात दाखला म्हणून धरू नये, असा आदेश दिला. म्हणजे आज मोक्काच्या दुसऱ्या खटल्यात एखाद्या आरोपीच्या वकिलाला ती ६७१ पानं हातात धरता येतील, पण कोर्टासमोर दाखला म्हणून ठेवता येणार नाहीत.