फर्मा जिथे चुकला ती संख्या

फळ्यावरची संख्या आधी नीट वाचून घेऊ : ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज, एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव. म्हणजे २ चा ३२वा घात, अधिक १. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ही बाद. बाकी चेहऱ्यावरून काही कळत नाही.

२ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घ्या आणि प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५५३७ : पाचही मूळ संख्या. पुढची ही आपली. १६४० च्या सुमाराला फ्रेंच गणिती पिएर द फर्माला वाटलं, ही ओळ अशीच मूळ संख्यांची चालणार. सिद्धता आपल्याजवळ नाही, हे तो कबूल करत होता. विश्वास मात्र पक्का.

१७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने सांगितलं, हिला ६४१ ने भाग जातो. भागाकार ६७,००,४१७.

कागदावर सरळ भागत बसलात तर ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या तपासायची तयारी हवी. पण हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच तयार होतो, हे ऑयलरनेच पुढे दाखवलं. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकारात काम तमाम!

आणि तो भागाकारसुद्धा न करता जमतं. ही युक्ती मला फार आवडते, म्हणून जरा थांबतो. ५ गुणिले १२८ म्हणजे ६४०. ६४१ ला १ कमी, म्हणजे ६४१ ने भागण्याच्या हिशेबात ही झाली बाकी उणे १. चौथा घात घ्या, बाकी १ होते. म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८वा घात, बाकी १. आता ६२५ म्हणजे ६४१ वजा १६. तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६ लिहा, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. २ चा ३२वा घात आणि त्याच्यापुढे उणे चिन्ह, बाकी १; म्हणजे त्या घाताची स्वतःची बाकी उणे १. त्या घातात १ मिळवला की बाकी शून्य. संपलं.

गंमत अशी की चूक पकडायचं हत्यार फर्माच्याच हातात होतं. त्याचाच प्रमेय सांगतो : संख्या मूळ असेल, तर ३ चा 'तिच्याहून एकने कमी' इतका घात तिने भागल्यावर १ उरलाच पाहिजे. इथे तो घात म्हणजे ३ चा ३२ वेळा ओळीने वर्ग, आणि बाकी १ येत नाही. कंटाळवाणं, पण हाताने होण्यासारखं. ३ ऐवजी २ घेतला तर मात्र बाकी १ च येते आणि ही संख्या मूळ असल्याचा आव आणून निसटते.

ही धरून ओळीतल्या पुढच्या २८ संख्या संयुक्त निघाल्या आहेत. सहावी मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. त्या पहिल्या पाचांचा गुणाकार केलात, तर येतो ४,२९,४९,६७,२९५, आपल्या संख्येहून बरोबर दोनने कमी. पट्टी-कंपासने काढता येईल असा विषम बाजूंचा सर्वांत मोठा ज्ञात सुसम बहुभुज तितक्याच बाजूंचा आहे.