चार औषधं आणि चमचाभर विरजण

दुसऱ्या महायुद्धानंतरचा जपान. रक्ती आवेनं माणसं हैराण झालेली. आजार जुनाच. त्याचा जिवाणू कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये जपानमध्येच शोधला होता, म्हणून त्याचं नाव शिगेला. सल्फाच्या गोळ्या आल्या, भरपूर वापरल्या गेल्या आणि काही वर्षांतच शिगेला त्यांना जुमानेनासा झाला. मग स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन वापरात आली.

१९५५ मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका जपानी बाईंच्या आजारात सापडलेल्या शिगेलावर या चारपैकी एकही औषध चालेना.

जरा हिशेब करू. जनुकात आपोआप बदल होऊन एका औषधाला दाद न देणारा जिवाणू, समजा, कोटीत एक निघतो. चारही औषधांना पुरून उरणारा एकाच वेळी निघायचा, तर एकावर अठ्ठावीस शून्यं एवढ्या जिवाणूंत एक! एवढे जिवाणू कुठल्याच पोटात मावत नाहीत. शिवाय एकाच साथीत, कधी तर एकाच रुग्णात, औषधाला बळी पडणारा आणि न पडणारा असे दोन्ही शिगेला सापडत होते. आणि त्याच रुग्णांच्या आतड्यातला ई. कोलाय, एरवी गुपचूप नांदणारा, तोही त्याच चार औषधांना बधत नव्हता.

१९५९ मध्ये जपानी संशोधक ओचियाई आणि आकिबा यांच्या गटांनी हे दोन जिवाणू एकत्र वाढवून पाहिले. शिगेला निर्ढावला. ई. कोलायकडून चारही औषधांवरची ढाल त्याला एकगठ्ठा मिळाली होती. जिवाणू गाळून काढलेलं नुसतं पाणी घातलं, तर मात्र काहीच होईना. दोघांची गाठ पडावीच लागत होती.

या गाठीभेटीत काय घडतं? देणाऱ्या जिवाणूच्या अंगावरचा बारीक तंतू घेणाऱ्याला चिकटतो, त्याला जवळ ओढतो. मग डीएनएच्या एका छोट्या गोल कड्याचा, म्हणजे प्लाझ्मिडचा, एक धागा पलीकडे सरकतो. ढालीची जनुकं याच कड्यावर असतात. दोन्हीकडे त्याची जोडी पुन्हा पूर्ण होते. विरजण मागायला आलेल्या शेजारणीला चमचाभर दही दिलं, तर आपलं भांडं रिकामं होत नाही. तसंच हे. (दही लावणारेही जिवाणूच, हा योगायोग!) फरक एवढाच, की इथे शेजारीण वेगळ्या जातीची असली तरी चालते.

म्हणजे औषध आवेसाठी घेतलं, तरी आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंतही निवड होत राहते. तग धरतात ते ढालवाले, आणि पुढच्या शिगेलाला विरजण देणारे तेच.

जपानबाहेर हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. जपानी शास्त्रज्ञ त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये इंग्रजीत सविस्तर लेख लिहिला, तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

२००८. स्वीडन. नवी दिल्लीतल्या रुग्णालयात उपचार घेऊन परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला हा जिवाणू सापडला. त्याच्यातल्या नव्या जनुकापुढे कार्बापेनेमसारखी, बाकीची हरल्यावर वापरायची राखीव औषधंही निकामी होत होती. जनुकाला नाव दिलं एनडीएम, त्यातलं एनडी म्हणजे नवी दिल्ली. त्या नावावरून भारतात पुढे बराच वाद झाला. त्या वादात एक तपशील मागे पडला: त्याच रुग्णाच्या विष्ठेतल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक होतं. प्लाझ्मिडवर.