ऊस कारखान्याला गेला, पाचट रस्त्यावर राहिलं

रामराम मंडळी! आष्ट्याजवळच्या एका आतल्या रस्त्यावर उभा आहे. थंडी सरली, हंगाम संपत आला, डबल ट्रॉल्या कमी झाल्या. रस्ता मोकळा दिसला की आपण दुचाकीवाले मूठ जास्त पिळतो आणि नेमकी इथंच गाडी घसरते.

कॅमेरा खाली घेतो. हे पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं बघा, चांगलं कडक वाळलंय. पण थर जाड असला की वरचं पातं खालच्यावर सरकतं, टायर डांबराला धड टेकतच नाही. आणि हे उसाचं कांडकं. त्याच्यावर बूट ठेवतो... बघा, लाटण्यासारखं फिरलं! गाडी वळणावर कललेली असताना पुढचं चाक याच्यावर गेलं तर सावरायला वेळच मिळत नाही.

ही काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून शेतातून येते. वाळली की नुसती धूळ. पण पाटाचं पाणी रस्त्यावर आलं किंवा वळीव आला, की तिचा राडा होतो. वळवाच्या पहिल्या सरीत तर रस्त्यावर सांडलेलं ऑईलही वर येतं. अशा वेळी एखाद्या शेडमध्ये थांबा, रस्ता जरा धुऊन निघू द्या. घरी थोडं उशिरा पोचलात तर काही बिघडत नाही.

आता चालवायचं कसं? मोठ्या गाड्यांच्या चाकांनी घासलेले हे दोन पट्टे दिसतायत ना, त्यातल्या आपल्या बाजूच्या पट्ट्यात राहा. कचरा मधोमध आणि कडेला साचतो. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, दोन्ही मिळून लावा. पाचटावर गेलातच तर पुढचा ब्रेक आवळू नका. मूठ हळू सोडा, हँडल सरळ ठेवा.

"माझ्या गाडीला एबीएस आहे," असं बरेच जण म्हणतात. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, चांगलंच आहे. पण एबीएस ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. रस्त्याला पकडच नसेल तर ती कुठून आणणार?

ट्रॅक्टरवाल्या दादांनाही हात जोडून विनंती. शेवटची खेप निघाली की शेताच्या तोंडाशी पडलेली माती खोऱ्यानं ओढून घ्या, पाचट बांधावर टाका. ट्रॉलीच्या मागचा रिफ्लेक्टर चिखलानं माखला असेल तर फडक्यानं पुसा. रात्री मागनं येणाऱ्याला तेवढंच दिसतं.