इंजिनाला स्टीअरिंग नसतं

फलकावर विषय लिहिलाय ‘बालपणीची स्वप्नं आणि हातातली नोकरी’. डॉक्टर, पोलीस, क्रिकेटपटू असे सगळेच घेत बसलो तर संयोजक माईक काढून घेतील. म्हणून एकच घेतो, इंजिन ड्रायव्हर. आजोळी जाताना खिडकीच्या गजाला नाक लावून बसलेल्या पोराला हे स्वप्न पडतंच. इथे कुणाकुणाला पडलं होतं? हात वर करा. वा, बरेच आहेत! आणि प्रत्यक्ष इंजिनात किती जण गेले? कुणीच नाही. बरं झालं, मला मोकळेपणी बोलता येईल.

‘स्वप्न मोडलं’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. मूल नोकरी फलाटावरून बघतं, मोठा माणूस आत बसून बघतो. स्वप्नातला फरक तिथून पडतो. त्याचे तीन टप्पे सांगायचे आहेत. पण आधी इंजिनात चढू.

मुलांच्या चित्रातल्या ड्रायव्हरच्या हातात गोल चाक असतंच. गंमत म्हणजे डब्ल्यूएपी-४ सारख्या जुन्या विजेच्या इंजिनांत ते खरोखर असतं. फक्त त्यानं गाडी वळत नाही. चाक फिरवलं की मोटरींना मिळणारा व्होल्टेज एकेका नॉचनं, म्हणजे पायरीपायरीनं, वाढतो, असे ३२ नॉच. कुठल्या रुळावर जायचं ते स्टेशनात ठरतं. असं चाक हातात असलेले गृहस्थ घरोघरी आहेत. पुढच्या रांगेतल्या काकूंनी काकांकडे बघायची गरज नाही.

दुसरी हौस शिट्टीची. रुळालगत पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. सीटी, फाटक. पाटी आली की वाजवायची, मनात असो वा नसो. समोर एक दक्षता यंत्रही असतं. साठ सेकंदांत ड्रायव्हरनं काहीच हलवलं-दाबलं नाही, तर दिवा लुकलुकतो. आणखी आठ सेकंदांनी बझर, त्यानंतर आठ सेकंदांनी आपोआप ब्रेक. म्हणजे सव्वा मिनिट स्वस्थ बसलात की गाडी उभी. पहाटे तीन वाजताही हेच. शिवाय प्रत्येक सिग्नल मोठ्यानं पुकारायचा आणि शेजारच्या असिस्टंटनं तो परत म्हणायचा.

आता घाट. कर्जतला आपण वडा खायला उतरतो तेव्हा मागे बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं लागत असतात, कारण लोणावळ्यापर्यंतचा चढ ३७ला १ आहे, ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. फलाटावरून चढच दिसतो, कस उतारावर लागतो. उतरताना ठरलेल्या जागी गाडी थांबवून दाखवावी लागते, मगच पुढचा रस्ता मिळतो. ताबा सुटलेली गाडी कॅच सायडिंगच्या, म्हणजे बाजूला काढलेल्या फाट्याच्या, चढावर जाते. ती थांबवण्यासाठीच तो उलटा चढ बांधलेला असतो.

आणि एक गोष्ट मी कुठल्याही व्याख्यानात सांगतोच, विषय ज्ञानेश्वरीचा असला तरी. आपल्याकडच्या इंजिनांत कित्येक दशकं शौचालय नव्हतं. अगदी अलीकडे काही इंजिनांत बसवायला लागले. सलग नऊ तासांची धाव, मालगाडी आडबाजूच्या सिग्नलला उभी, आणि उतरायचं कुठे? पुरुषांनी कशीबशी वेळ काढली. बायका भरती झाल्या, त्यांनी ड्यूटीआधी पाणी पिणं सोडलं. इंजिनाचं चित्र काढायला सांगा, एकही मूल त्यात संडास काढणार नाही. मुलांचं सोडा, इंजिन आखणाऱ्या इंजिनिअरांनीही काढला नाही!

...अध्यक्षांची चिठ्ठी आली, ‘पाच मिनिटं’. तेव्हा तीन टप्पे धावते घेतो.

पहिला टप्पा आठवी-नववीत येतो, चष्म्याच्या रूपानं. लोको पायलटला, म्हणजे आपल्या इंजिन ड्रायव्हरलाच, ए-वन वैद्यकीय श्रेणी लागते. दोन्ही डोळे चष्म्याशिवाय ६/६, रंगदृष्टी निर्दोष. लेसरनं नंबर घालवलेला चालत नाही. मुलगा आयटीआयला घालण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडून ठिपक्यांच्या चित्रांची रंगदृष्टी चाचणी करून घ्या, काही मिनिटांचं काम आहे. दोन वर्षं आणि क्लासची फी गेल्यावर तांबडं-हिरवं कळत नाही असं निघालेली मुलं असतात.

दुसरा टप्पा विशीत. आता स्वप्नात गाडी नसते, असिस्टंट लोको पायलटच्या भरतीची परीक्षा असते. पहिल्या पेपरात तासाभरात ७५ प्रश्न. दुसऱ्यात ‘अ’ भागाचे १००, ट्रेडचे ७५. इथवर पोरं घोकून येतात आणि संगणकावरच्या कल चाचणीत आपटतात. पाच चाचण्या, प्रत्येकीत किमान ४२ गुण. चारांत साठ-साठ आणि पाचवीत ४१ आले, तरी बाहेर. शेवटच्या यादीत तिचं वजन ३० टक्के, आणि तयारी शेवटच्या आठवड्यात. सूचना लक्षात ठेवणं, अंतराचा अंदाज, एकाग्रता, याचा सराव महिनाभर रोज अर्धा तास तरी हवा.

तिसरा टप्पा नोकरी लागल्यावर. असिस्टंट, मग मालगाडी, पॅसेंजर, शेवटी मेल. बाहेरच्यांना वाटतं, मेलचं आकर्षण वेगाचं. छे! मालगाडीला बोलावणं कधीही येतं, मेलला ठरलेली लिंक, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक असतं. मुलीच्या स्नेहसंमेलनाला जाता येईल की नाही, ते महिनाभर आधी कळतं. चाळिशीतलं स्वप्न आठ तासांच्या फेरीनंतर मुख्यालयात मिळणाऱ्या सोळा तासांच्या विश्रांतीचं असतं. पंचेचाळिशीनंतर वैद्यकीय तपासणी दर दोन वर्षांनी. तीत अडकलेला माणूस टेबलावर येतो आणि खिडकीतून हॉर्न ऐकतो.

वेळ संपली, पण साताऱ्याच्या सुरेखा यादव राहिल्या. त्यांना गणितात बीएस्सी, मग बीएड करून शिक्षिका व्हायचं होतं. १९८९ साली त्या असिस्टंट ड्रायव्हर झाल्या, देशातल्या पहिल्या. २०११च्या महिलादिनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली, २०२३ला सोलापूरहून वंदे भारत. आणि मध्ये काही वर्षं कल्याणच्या ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रात त्या वर्गावर होत्या. शिकवत होत्या.