फादर दिब्रिटो आणि विहिरीचं पाणी

मला विषय दिलाय धर्म आणि सार्वजनिक जीवन, पण नुसत्या विषयावर मला बोलता येणार नाही, मला एका माणसाबद्दलच बोलायचंय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे ख्रिस्ती धर्मगुरू आणि मराठी लेखक. २५ जुलै २०२४ ला फादर गेले, तेव्हापासून हे मनात साठलंय, आज बोलून टाकतो, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा वसईचा नाही. १९८७ साली मास्तरकीच्या नोकरीसाठी आलो आणि नालासोपाऱ्यात वन रूम किचन घेतलं. नवीकोरी बिल्डिंग, पण नळाला पाणी नाही. सूर्या धरणाचं पाणी यायच्या खूप आधीची गोष्ट आहे ही. दिवसाआड टँकर यायचा, खालच्या टाकीत पाइप सोडायचा, आणि सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन जिन्यात उभी. ते पाणी येतं कुठून हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पैसे दिले, पाणी आलं, विषय संपला.

शाळेत माझ्याबरोबर एक सर होते, पश्चिमेकडच्या एका गावातले, ख्रिस्ती. एका रविवारी त्यांनी वाडीवर जेवायला बोलावलं. ज्यांनी वसईची वाडी बघितली नाही त्यांना सांगतो, केळी, नारळ, पानवेल, मोगरा, भाजी सगळं एकमेकाला खेटून, मधे विहीर आणि बाजूला बावखल. बावखल म्हणजे तळंच, वाडवडलांनी खणलेलं, पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जमिनीखालून खारं पाणी सारखं आत यायला बघत असतं आणि गोडं पाणी त्याला दाबून ठेवतं. मोठे पंप लावून गोडं पाणी उपसलं की तो दाब गेला, खारं पाणी शिरलं, आणि एकदा शिरलं की सहजासहजी मागे जात नाही. हे सगळं सरांनी मला विहिरीच्या काठावर उभं राहून समजावलं. त्यांची आई कळशी भरायला आली, तिने आधी ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात धरलं, क्षणभर थांबली आणि थुंकून टाकलं. "आजपण मचूळच," एवढंच म्हणाली. पानवेलीची पानं कडेने पिवळी पडली होती. आणि दोन वाड्या सोडून पंपाचा आवाज येत होता, तिथे टँकर भरत होता, अगदी आमच्या बिल्डिंगला येतो तसा.

जेवण काही गोड लागलं नाही मला त्या दिवशी.

तो काळ तुम्हाला आठवत असेल. वसई-विरारची शेतजमीन बांधकामाला मोकळी करायचं धोरण आलं होतं, जमिनींना भाव आला, भावाबरोबर दलाल आले आणि दलालांबरोबर दहशत आली. लोक दबक्या आवाजात बोलायचे. त्या वेळी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि तिच्या पुढे होते फादर दिब्रिटो. नंदाखालच्या शेतकरी घरातला मुलगा, कॅथलिक धर्मगुरू झालेला, तो बागायत वाचवा, विहिरी वाचवा म्हणून रस्त्यावर उतरला. आणि समितीत ख्रिस्ती होते, हिंदू होते, मुसलमान होते, घरातल्या बायका मोठ्या संख्येने मोर्च्यात होत्या. विहीर खारी झाली तर ती सगळ्यांचीच होते ना.

आमच्या स्टाफरूममधे तेव्हा एक वाक्य रोज ऐकू यायचं, फादरने चर्चमधे बसून प्रार्थना करावी, पाण्याच्या भानगडीत त्याचं काय काम. खरं सांगतो, माझंही मत तेच होतं. धर्म ही घरात देव्हाऱ्यापाशी ठेवायची गोष्ट, बाहेर आणला की भांडणं होतात, असं मी मानायचो आणि त्यात मला सुशिक्षितपणा वाटायचा. ते मत बदललं ते फादरना ऐकून. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो, शांत बोलायचे, मधेच ज्ञानोबा-तुकोबा यायचे, मधेच येशू यायचा, आणि हे आमचे ते तुमचे असा सांधा कुठे दिसायचा नाही. मग मी घरी जाऊन मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय काढून वाचला. त्यात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. तिथे विचारलं काय जातं बघा. प्रार्थना किती केली हे तिथे येत नाही. भुकेल्याला खायला दिलंस का, तहानलेल्याला पाणी दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का. ज्याने हे मनापासून वाचलंय त्याने विहिरी आटताना गप्प बसायचं कसं? प्रार्थनेनेच तर त्याला रस्त्यावर पाठवलं. आम्ही समजत होतो की फादर धर्म सोडून राजकारणात आले, ते तर धर्माच्या अगदी आतून बाहेर आले होते.

आता यात एक अवघड जागा आहे आणि ती मला टाळायची नाही. तहानलेला मी पण होतो. माझ्या बिल्डिंगमधली दोन महिन्यांची बाळंतीण पण तहानलेलीच होती. टँकर बंद करा म्हटलं की आमच्याकडे लोक चिडायचे, हे बागायतदार आम्हाला उपरे समजतात म्हणायचे. मी बरीच वर्षं या गोष्टीचा विचार केलाय. माझ्यापुरतं उत्तर असं की पाण्याची सोय न करता ज्यांनी घरं विकली त्यांनी आमची तहान त्या म्हाताऱ्या आईच्या विहिरीवर नेऊन टाकली, आणि दोन्ही बाजूंनी नफा घेतला. एका तहानलेल्याला दुसऱ्या तहानलेल्यासमोर उभं केलं. हे कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं होतं, त्यासाठी ज्याला जमीन विकायची नाही, मतं मागायची नाहीत, असा माणूस लागतो. फादर तसे होते.

त्यांचं दुसरं काम मराठीचं. १९८३ पासून २००७ पर्यंत ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी, ख्रिस्ती लोक शुभवर्तमानाला म्हणतात तेच, पण त्यात समाजाचे प्रश्न असायचे, साहित्य असायचं, मी ख्रिस्ती नसूनही आवडीने वाचायचो. आणि मग त्यांनी बायबलच मराठीत आणलं, 'सुबोध बायबल', त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. हे काम किती मोठं आहे हे आपल्या लक्षात येत नाही. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सने क्रिस्तपुराण लिहिलं, म्हणजे येशूची कथा मराठी ओव्यांत, १६१६ साली ते छापलं गेलं, म्हणजे तुकोबा तेव्हा लहान मूल असतील. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल एकटीने साध्या मराठीत आणलं, बायकांना कळावं म्हणून, १९२२ ला त्या गेल्या तोवर ते काम चालू होतं. फादर त्याच रांगेतले. ख्रिस्ती माणूस मराठीत बाहेरून आला असं ज्यांना वाटतं त्यांनी ही चारशे वर्षं जरा मोजावीत.

आणि तरी २०१९ ला काय झालं ते आपण बघितलं. उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची एकमताने निवड झाली, या पदावर आलेले पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू, आणि लगेच विरोध सुरू. धमक्यांचे फोनसुद्धा आले. मला त्या दिवसांत फार लाज वाटली, कारण विरोध करणारे माझ्या धर्माचं नाव घेत होते. जानेवारी २०२० मधे फादर तिथे गेले. पाठीचं दुखणं इतकं की उभं राहणं मुश्कील, तरी गेले, आणि गोरोबाकाकांचं नाव दिलेल्या त्या मांडवात हिंसेच्या विरोधात आणि मोकळेपणाने बोलायच्या हक्काच्या बाजूने बोलले. जपून, सगळ्यांना बरं वाटेल असं बोलले असते तर कुणी नावं ठेवली नसती.

मला लोक विचारतात, मग प्रत्येक धर्माच्या पुढाऱ्याने असं बाहेर यावं का, उद्या कुणीही येईल भगवं, हिरवं, पांढरं घालून. रास्त प्रश्न आहे. मी एवढंच बघतो की तो बाहेर येऊन मागतो काय. आपल्या माणसांसाठी जास्तीचं मागतो की सगळ्यांचं आहे ते वाचवायला मागतो? विहिरीतलं पाणी, पोरांची भाषा, बोलायची मोकळीक, फादरनी मागितलेल्यातलं काहीही एकट्या ख्रिस्ती माणसाचं नव्हतं. आणि हे मागताना त्यांनी आपला क्रूस लपवला नाही, हे मला तेवढंच महत्त्वाचं वाटतं. मी तुमच्यासारखाच, माझा धर्म विसरा, असं म्हणून ते आले नाहीत. धर्मगुरू म्हणूनच आले आणि आमचे झाले.

सगळं वाचलं का? नाही वाचलं. वसईत आज फिरलात तर कितीतरी बावखलं बुजवलेली दिसतील, त्यांच्यावर पार्किंग आहे. आमच्या नळाला आता धरणाचं पाणी येतं, टँकर अजून पूर्ण गेलेला नाही.

फादर गेल्यानंतर मी त्या सरांच्या वाडीवर गेलो होतो. आई कधीच गेली. पावसाळा होता, बावखल काठोकाठ भरलेलं, पानवेल थोडीच उरलीय पण आहे. सरांनी पोहरा काढला, मला ओंजळ पुढे करायला सांगितली आणि स्वतःपण घेतली. आम्ही दोघांनी पाणी तोंडात धरलं. ते माझ्याकडे बघत थांबले, मी गिळलं, मग त्यांनी गिळलं.