विणकर आणि विणणारी

(नागपुरातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

आयोजकांनी मला दिलेला विषय ‘विणकाम करणारे पुरुष’ असा आहे आणि मी स्वतः गेली अकरा वर्षे लोकरीचे विणकाम करतो, एवढ्याच पात्रतेवर मी आज येथे उभा आहे. माझ्या आईने साठ वर्षे विणकाम केले; तिला या विषयावर बोलायला कधी कोणी बोलावले नाही. आयोजकांना टोचावे म्हणून हे सांगत नाही, मला बोलावल्याचा आनंदच आहे. पण विषयाची खरी गाठ तेथेच आहे आणि ती सोडवायला भाषेपासून सुरुवात करावी लागेल.

मराठीत हातमागावर लुगडे विणले जाते आणि दोन सुयांवर स्वेटरही विणला जातो. वास्तविक या दोन क्रिया अगदी वेगळ्या आहेत. मागावर उभ्या ताण्यातून आडवा बाणा जातो, म्हणजे धागे दोन दिशांचे असतात. सुयांवर एकच धागा आपल्याच फाशांतून पुन्हा पुन्हा ओढून घेतला जातो, आणि म्हणूनच एक टाका गळला की खालपर्यंत उसवत जातो. भाषेने तरीही दोन्हींना एकच क्रियापद दिले. नाम देताना मात्र तिने हात आखडता घेतला. मागावर विणणारा तो विणकर. सुयांवर विणणारीसाठी मराठीत रुळलेला शब्द नाही. ती नुसती ‘विणते’, आणि तेही बहुधा ‘घरीच असते, काहीबाही विणते’ अशा वाक्यात.

विणकर हा शब्द नागपूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. लुगडी विणणारे कोष्टी आणि हलबा कोष्टी, मोमिनपुऱ्यातले मोमीन विणकर, १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल, ही या शहराची ओळखच होती. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर सुताशी खेळणाऱ्या पुरुषाला येथे कोणी बायकी म्हटले नाही. त्याच घरातली बाई सूत उकलत होती, कांड्या भरत होती, ताण्याला खळ लावताना हात देत होती. पण विणकर कोण, असे विचारले तर बोट त्याच्याकडेच जाई. शिंप्याचेही तसेच. संत नामदेव शिंपी होते. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि त्यांतल्या एका पदात मनाचा गज (कापड मोजायची पट्टी) व जिभेची कातर करून यमाचा फास कापण्याची, सोन्याच्या सुईत रुप्याचा दोरा ओवण्याची कल्पना येते. सुई-दोरा हे पुरुषाच्या हातातले, त्याच्या भक्तीला शोभणारे साधन आहे, याविषयी तेथे यत्किंचितही संकोच नाही. लखनौ-बरेलीच्या जरदोजीच्या, म्हणजे जरीच्या भरतकामाच्या, अड्ड्याभोवती (चौकटीभोवती) बसलेले कारागीर परंपरेने पुरुष, काश्मीरच्या शालींवरचे सोजनीचे बारीक टाके घालणारेही बहुतांशी पुरुषच. म्हणजे नाजूक काम पुरुषाच्या हाताला जमत नाही, हे म्हणणे आपल्याच देशात पावलोपावली खोटे पडते.

मग काय ठरते कशावरून? माझे उत्तर असे आहे की सुई बाईची की पुरुषाची, हे ती कोठे बसली आहे आणि तिला दाम मिळतो की नाही, यावरून ठरते. दुकानात बसली तर धंदा, ओसरीवर बसली तर विरंगुळा. लग्नाच्या जेवणावळीचा आचारी पुरुष आणि घरचा रोजचा स्वयंपाक बाईचा, त्यातलाच हा प्रकार.

लोकरीच्या विणकामाचा युरोपातला इतिहास पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. १६ व्या आणि १७ व्या शतकांत तेथे हाताने विणणाऱ्या पुरुषांचे व्यावसायिक संघ होते. काही वर्षांची उमेदवारी केल्यावर कसबी कारागीर म्हणून मान्यता हवी असेल तर टोपी, मोजे, सदरा आणि काही ठिकाणी फुला-पाखरांची नक्षी असलेला मोठा विणलेला गालिचा परीक्षेसाठी सादर करावा लागे. १५८९ मध्ये इंग्लंडमधल्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली या धर्मोपदेशकाने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. हाताने विणणाऱ्या गरिबांची भाकरी जाईल म्हणून राणी एलिझाबेथने त्याला पेटंट नाकारले, असे सांगतात. पुढे ते यंत्र रुजलेच, त्यावर पुरुष बसले, आणि धागा गुंडाळण्याचे व मोज्यांच्या शिवणी घालण्याचे काम बायका-मुलांकडे गेले. १८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरमध्ये यंत्रे फोडणारे लुडाइट हेसुद्धा मोजे विणणारेच होते, हे आपण विसरतो. हातात घण घेऊन रात्री हिंडणाऱ्या त्या माणसांना विणकामाची लाज वाटत नव्हती, त्यांचे भांडण मजुरीशी होते. बाजारातला पैसा यंत्राकडे गेल्यावर साध्या सुया मागे उरल्या, आणि ज्या कामात पैसा उरला नाही ते काम १९ व्या शतकात सुशील स्त्रीचे भूषण म्हणून गणले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना इंग्लंडमध्ये भरतकाम शिकवण्यात आले, त्यासाठी अर्नेस्ट थेसिगर या स्वतः जखमी झालेल्या नटाने खटपट केली. पण सुई पुरुषाने धरायची तर आधी त्याचा हातपाय मोडावा लागला, हेही त्यातून दिसतेच.

आपल्याकडे लोकरीच्या सुया आल्या त्या मडमांबरोबर, मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून. मागाची किंवा शिंप्याच्या सुईची पुरुषी परंपरा या कामाला येथे लाभलीच नाही. ते आले तेच ‘मुलींचे’ होऊन. मध्यमवर्गाने मग त्याला शिवणटिपणात बसवले. दाखवायला आणलेल्या मुलीला ‘भरतकाम, विणकाम येते का’ हे विचारणे कांदेपोह्यांइतकेच ठरलेले होते, आणि लग्नात रुखवतावर तिने विणलेली तोरणे, क्रोशाचे रुमाल, लोकरीची कुंची मांडून ठेवलेली असे. वरपक्षाच्या बायका ते उलटून मागची बाजू पाहत. गाठी कोठे लपवल्या आहेत, हे त्यांना बरोबर कळे. इतकी कठोर परीक्षा कोणत्याही कारागीर संघाने घेतली नसेल. फरक एवढाच की उत्तीर्ण झालेल्या मुलीला धंदा करण्याचा परवाना मिळत नसे.

माझी स्वतःची पहिली आठवण १९६२ च्या हिवाळ्यातली आहे. चीनबरोबरचे युद्ध चालू होते आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका जवानांसाठी मोजे आणि स्वेटर विणत होत्या. सहा वर्षांचा मी लोकरीची लड दोन्ही हातांवर ताणून धरून बसे आणि आई गुंडा करी. तोपर्यंत ठीक होते. एकदा तिच्या सुया उचलून मी चार टाके घातले, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांनी हसून त्या काढून घेतल्या. आणि गंमत पाहा, पुढे पाचवीत गेल्यावर याच हातात शाळेने सूत कातायची टकळी आणि कापसाचा पेळू दिला, सूत बारीक निघाले म्हणून गुरुजींनी पाठ थोपटली. धागा तोच, बोटे तीच. टकळीला मात्र महात्म्याचा आशीर्वाद होता.

त्या आशीर्वादाबद्दल थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण तो इतिहास आपल्या अंगणातला आहे. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरातच भरले, असहकाराचा ठराव येथे पक्का झाला आणि हातकताईचा पुरस्कार त्याचा भाग होता. कताई हे तोवर बायकांचे काम. गांधीजींना जुना चरखा शोधून देणाऱ्याही गंगाबेन मजमुदार होत्या. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सूत देण्याची अट आली. अनेक पुढाऱ्यांना ती जड गेली. आजार किंवा अनिच्छा असेल तर दुसऱ्याने कातलेले सूत देण्याची मुभा त्या ठरावातच होती, आणि ते दुसरे कोण असेल याचा अंदाज या सभागृहातल्या भगिनींना तरी सहज करता येईल. वर्षभरातच, १९२५ मध्ये, ती सक्ती सैल झाली.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो वर्ध्याजवळच्या नालवाडीचा प्रसंग. विनोबांनी तेथे केवळ कताईच्या मजुरीवर पोट भरण्याचा प्रयोग केला. रोज तासन्‌तास बसून, उत्तम सूत काढूनही त्या मजुरीत माणूस धड जेवू शकत नाही, हे एका विद्वान, ब्रह्मचारी, शिस्तीच्या पुरुषाने स्वतःच्या देहावर दाखवून दिले. १९३५ मध्ये गांधीजींनी कातणाऱ्यांना पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असा आग्रह खादीचे काम पाहणाऱ्या चरखा संघापुढे धरला. आता यात दोन गोष्टी एकदम आहेत. पुरुषाने ते काम मनापासून केले म्हणून त्या कामाची किंमत मोजण्याचा प्रश्न उभा राहिला, हे चांगलेच झाले. पण खेडोपाडी हजारो बायका त्याच मजुरीत अर्धपोटी कातत होत्या, हे कळायला एका पुरुषाने उपाशी बसावे लागावे, याचे वाईटही वाटते. आज मी विणतो म्हणून माझे कौतुक होते, तेव्हा या दोन्ही भावना माझ्या मनात असतात. मोठ्या माणसाचा साधा स्वेटर विणायला मला पन्नासेक तास लागतात. त्या तासांची मजुरी लावायची तर तो स्वेटर विकलाच जाणार नाही, कारण बाजारात लुधियानाच्या होजिअरीचे यंत्रावरचे स्वेटर काही शे रुपयांत मिळतात. आईचे पन्नास तास कधी कोणी मोजले नव्हते.

जगात सर्वत्र असेच आहे असे मात्र नाही. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचे बेट आहे. तेथे विणकामाच्या सुया पुरुषांच्या हातात असतात. मुलगे सात-आठ वर्षांचे असल्यापासून विणायला शिकतात आणि ‘चुल्यो’ नावाची कानटोपी स्वतःची स्वतः विणतात. बायका सूत काढतात, मागावर कापड विणतात. लग्न ठरण्याआधी मुलाने विणलेली टोपी सासऱ्याने पाण्याने भरून पाहायची, पाणी गळले नाही तर वीण घट्ट, असे तेथे सांगतात. म्हणजे रुखवत तेथे नवऱ्या मुलाचे. या बेटाची वस्त्रकला युनेस्कोने २००५ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केली.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली ब्रिटनचा टॉम डेली हा पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धेतला सुवर्णपदक विजेता प्रेक्षकांत बसून विणताना दिसला आणि ते छायाचित्र जगभर गेले. पदकाला चरे पडू नयेत म्हणून त्याने लोकरीची पिशवीही विणली होती. त्यानंतर आपल्याकडेही चित्रफिती पाहून क्रोशाची साखळी आणि खांब शिकणारी मुले मला भेटू लागली. त्यांना संकोच नाही, हे पाहून बरे वाटते. फक्त शिकवणाऱ्या आजीला ‘गुरू’ म्हणायचे त्यांच्या मनात येत नाही. ते श्रेय फोनला जाते.

मला स्वतःला मिळालेली सर्वांत न्याय्य वागणूक वर्ध्याच्या बसमध्ये मिळाली. १० नंबरच्या सुयांवर स्वेटरची पाठ घेऊन बसलो होतो. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी मागे वळून बराच वेळ पाहिले आणि काळजीच्या सुरात विचारले, ‘काऊन जी, वहिनी बिमार आहेत का?’ मी नाही म्हटल्यावर ते अधिकच चिंतेत पडले. बुटीबोरीला एक म्हातारी बाई चढल्या, शेजारी बसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. विणकाम बोटांत धरून ताणून पाहिले, म्हणाल्या, ‘हात ढिला आहे तुमचा. अन् हा टाका गळला खाली, दिसत नाही का?’ आणि माझी परवानगी न विचारता त्यांनी सुई ओढून घेतली, चार ओळी उसवल्या, टाके पुन्हा उचलले, केळझर जाईपर्यंत दोन सुलट, दोन उलट करत दोन ओळी विणून दिल्या. उरलेल्या दोन मी विणल्या, त्या लक्ष ठेवून होत्या. सेलूला त्या उतरून गेल्या. स्वेटर अजून माझ्याकडे आहे आणि पाठीवर त्या दोन ओळी वेगळ्या ओळखू येतात, कारण त्या माझ्यापेक्षा घट्ट आहेत.